समक्ष

“उजवा तळवा भिंतीला टेकवा मास्तर. डाव्या हाताने काय ते उरका.”

“अहो मामा, वय झालं आता. एका हाताने नाही निभत.”

“निभतं. बावीस वर्षं बघतोय. सगळ्यांचं निभतं.”

मास्तरांनी सुस्कारा सोडून तळवा भिंतीला लावला. मामा त्यांच्या मागे, जरा उजवीकडे, दीड हातावर उभे राहिले. तिथून कप दिसतो, दोन्ही हात दिसतात आणि वरच्या आरशात माणसाचं तोंडही दिसतं. ही जागा कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, मामांनी ती स्वतः शोधून काढली होती.

“जन्मभर पोरांना बाकावर उभं केलं,” मास्तर भिंतीला ऐकवल्यासारखे म्हणाले. “त्यांचेच तळतळाट हे.”

“तळतळाट नंतर मोजा. आधी कप भरा.”

कप भरला. मामांनी तो बाहेरून चाचपून कोमट आहे ना ते पाहिलं, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि फॉर्मच्या तळाशी सही केली. ‘नमुना माझ्या समक्ष घेतला’ असं सहीच्या वर छापलेलं होतं.

इस्पितळाच्या व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरबाईंपासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा. हुद्दा वॉर्डबॉयचा. डोक्यावरचे केस गेले, निवृत्तीला आठ महिने उरले, तरी बॉय तो बॉयच. चादरी बदलायच्या, गोळ्यांच्या वेळी पाण्याचा पेला धरायचा, रविवारी भेटायला येणाऱ्यांची झडती घ्यायची आणि पेशंट लघवीचा नमुना देत असताना मागे उभं राहायचं. या शेवटच्या कामाला कोणी राजी नसे, म्हणून ते मामांच्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. पण करायचं ते चोख, असा त्यांचा बाणा. कपात नळाचं पाणी मिसळणारे, दुसऱ्याची बाटली लपवून आणणारे, चक्कर आल्याचं सोंग घेणारे, सगळे त्यांच्या हाती लागले होते. “मामांची सही असली की मी डोळे मिटून विश्वास ठेवते,” असं डॉक्टरबाई नव्या लोकांना सांगत. ते कानावर पडलं की मामा घातलेली घडी मोडून उगाच पुन्हा घालत.

या बावीस वर्षांत त्यांनी एकदाच तोंड फिरवलं होतं. त्याला आज पाच दिवस झाले होते. त्या दिवशी भिंतीला तळवा टेकून उभा होता तो त्यांचा जावई होता.

जावई लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवायचा. माणूस नाकासमोर चालणारा, लेकीवर जीव असलेला. यार्डात माणसं कमी पडली आणि त्याच्यावर सलग दोन-दोन पाळ्या आल्या. वर केबिनमध्ये डुलकी लागू नये म्हणून बरोबरच्या कोणीतरी पुडी दिली. पुडीवर ‘फक्त झाडांसाठी’ असं छापलेलं, म्हणून यार्डात सगळे तिला खत म्हणत. खत घेतलं की तीन-तीन दिवस झोप नको, जेवण नको. पुढे तो रिकामं तोंड चावायला लागला. भिंतीतून कोणी बोलतंय म्हणायला लागला. एकदा तर त्याने बायकोचा फोन फरशीवर आपटून फोडला, कारण म्हणे त्यातून त्याच्यावर पाळत ठेवली जात होती.

“हे कारखान्यात जुळवलेलं रसायन आहे,” डॉक्टरबाई नातेवाइकांच्या बैठकीत समजावून सांगत. “बंदी आली की बनवणारे त्यात एखादा बदल करतात आणि जुन्याच पुडीत नवं काहीतरी भरतात. काल घेतलं ते सोसलं, म्हणून आजचं सोसेल असं नाही. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.” केंद्रातल्या तपासणीच्या पट्टीवर म्हणूनच हे खत उमटत नसे. पट्टी जुनी व्यसनं पकडायची. या नव्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागे आणि उत्तराला पाच दिवस लागत.

“आपल्याच इथे ठेवा त्यांना, तुमच्या डोळ्यांसमोर राहतील,” असं मामांच्या बायकोनेच सुचवलं होतं. नियम असा होता की कर्मचाऱ्याच्या नात्यातलं कोणी दाखल झालं तर आधी कळवायचं, म्हणजे त्या कर्मचाऱ्याला त्या पेशंटपासून लांब ठेवता येतं. मामांनी कळवलं नाही. लेकीच्या संसाराची लक्तरं स्वतःच्या कामाच्या जागी टांगायची त्यांची तयारी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते गप्प राहिले. लेक दर रविवारी यायची, बापासमोर पिशवी उघडून धरायची आणि परक्यासारखी पुढे जायची. जावई इतरांसारखं मामा म्हणायचा. पंचाईत व्हायची ती मामांचीच. घरी ते जावयाला अहो-जाहो करत. इथे पस्तिशीतल्या पेशंटला अहो म्हटलं तर चार कान टवकारले असते, आणि जावयाला अरे म्हणायला जीभ उचलत नव्हती. मग ते “उठायचं आता”, “गोळी घ्यायची” असं हवेत बोलून वेळ मारून नेत.

नमुन्याच्या दिवशी मात्र हवेत बोलून भागणार नव्हतं. ज्याच्या हातात लेकीचा हात दिला त्या माणसाला असं उघडं बघायचं, या विचारानेच मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. मागे खुडबुड झाली, मग कप हातात आला. कोमट होता. मामांनी सही केली.

*

“मामा, नऊ नंबरचा रिपोर्ट स्वच्छ आला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. सकाळचे दहा वाजले होते आणि त्यांच्या टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. “एकवीस दिवस पूर्ण. घरी सोडायच्या कागदावर आणि कामाच्या दाखल्यावर, दोन्हीवर सही केली आहे मी. बायको अकराला न्यायला येतेय त्याची. फाईल खाली देऊन टाका.”

मामांनी फाईल घेतली. जिन्याच्या पहिल्या वळणावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण चक्क गुणगुणतोय. दुसऱ्यांच्या फायली ते कधी उघडत नसत, पण आज राहवलं नाही. पहिल्या पानावर अमली पदार्थांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येकापुढे ‘आढळला नाही’ असं लिहिलेलं होतं. मामांनी ते दोनदा वाचलं. बायकोला फोन करावा का, असा विचार करत त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या पानावर ‘इतर औषधे’ या मथळ्याखाली एकच शब्द होता. मेटफॉर्मिन.

ते नाव मामांच्या पाठ होतं. साखरेची गोळी. रोज सकाळी सिस्टर ती मास्तरांच्या तळहातावर ठेवायच्या आणि मामा पेला धरायचे. अख्ख्या वॉर्डात साखर असलेला माणूस एकच होता, आणि तो जावई नव्हता.

मामा जिन्यातच बसले. दुसरं पान डॉक्टरबाईंनी वाचलेलं नव्हतं, आणि आता कोणी वाचणारही नव्हतं. फाईल खाली गेली की कपाटात जाणार होती.

दोन मिनिटांनी ते मास्तरांच्या खाटेपाशी उभे होते.

“मास्तर, खरं सांगा. नऊ नंबरला तुम्ही काय दिलंत?”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. विद्यार्थ्याने चूक पकडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

“रडकुंडीला आला होता हो बिचारा. म्हणाला, मागे मामा उभे असले की होतच नाही. सासरेच ते, व्हायचं कसं? मला दया आली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती माझ्याकडे.”

“सासरे? तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सगळ्या पोरांना अरे-तुरे करता, त्या एकट्याशी बोलताना मात्र कर्ताच गाळता. भाषा शिकवली आहे मी तीस वर्षं.” मग आवाज उतरला. “काही भलतंसलतं झालं का मामा?”

मामा खिडकीकडे बघत होते. तिथे जावई बॅग भरून उभा होता. टाच फरशीवर आपटत होती. तोंडात काही नसताना जबडा चालू होता. ओठ फुटले होते, खोलीत गारवा असून कॉलर भिजली होती, आणि पांघरुणाची नीट घातलेली घडी तो मोडून पुन्हा घालत होता. हे सगळं मामांना तीन दिवस दिसत होतं. एखाद्या परक्या पोराचं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सिस्टरना हाक मारली असती.

“चादरींच्या खोलीत यायचं जरा,” मामा म्हणाले.

जावई आत आला. मामांनी दार लोटलं.

“पुडी कुठे आहे?”

“कसली पुडी?”

“रिपोर्टात मास्तरांची साखरेची गोळी निघाली आहे.”

जबडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. “डॉक्टरबाईंनी पाहिलं?”

“नाही.”

“मग झालं तर!” जावई जवळ आला आणि एकदम घरातला झाला. “बाबा, एक तास गप्प बसा फक्त. सोमवारी हजर झालो नाही तर क्रेन दुसऱ्याला देतायत. मी सोडणारच आहे. रविवारी दोस्त येऊन गेला त्याने बुटात लपवून आणून दिलं, थोडंच उरलंय. तेवढं संपलं की संपलं.”

“तुम्ही वर बसणार. आणि खाली?”

“खाली काय?”

“खाली माणसं असतात ना?”

जावयाची नजर दारावर, छतावर, मामांच्या हातातल्या फाईलवर फिरली. मग तो हळू आवाजात म्हणाला, “सही तुमची आहे. समक्ष घेतला म्हणून. तुम्ही तर दाराकडे तोंड करून उभे होता. आठ महिने राहिलेत ना तुमचे? सांगा जाऊन. बघू कोणाचं आधी जातं.”

लग्नाला नऊ वर्षं झाली, या माणसाने कधी चढा शब्द काढला नव्हता. हा बोलतोय की त्याच्या आत गेलेलं ते खत बोलतंय, हे मामांना कळेना.

“पुडी दे इकडे,” मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्याला अरे-तुरे बोलले, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

जावई चादरींच्या गठ्ठ्यावर बसला आणि रडायला लागला. “झोप लागत नाही हो मला. डोळे मिटले की आतून कोणीतरी खरवडतंय असं होतं. ते घेतलं की थांबतं. मी वाईट माणूस नाही बाबा.”

“नाहीस. मला माहीत आहे.”

“मग तिला तरी सांगू नका. ती शर्ट घेऊन येतेय.”

पुडी त्याने दिली नाही. मामा खोलीबाहेर पडले तेव्हा अकराला दहा कमी होते.

लेक फाटकापाशी आलीच होती. इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून तिने तो हँगरसकट हातात धरला होता. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती पुटपुटली, “बाबा, पडदे धुतले मी सगळे. त्यांच्या सुपरवायझरना स्वतः जाऊन भेटले. म्हणाले, सोमवारी आला तर क्रेन त्याचीच.” तिचा चेहरा इतका मोकळा मामांनी वर्षभरात पाहिला नव्हता. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही. एक सही राहिली आहे. बस तू बाकावर.”

इकडे आड आणि तिकडे विहीर. मामा पुन्हा जिना चढायला लागले. बोललो तर लेकीचे धुतलेले पडदे, क्रेन, आपली बावीस वर्षं, सगळं आजच्या आज मातीत. नाही बोललो तर सगळं तसंच राहील, आठवडाभर, फार तर महिनाभर. मागच्या वर्षी पट्टी स्वच्छ आली म्हणून एका चोवीस वर्षांच्या पोराला घरी सोडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्याचे वडील त्याची फाईल मागायला आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. मामांनीच त्यांना खुर्ची दिली होती. आपल्याला ती खुर्ची कोणी दिलेली चालेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उरलेल्या पायऱ्या भराभर चढले.

डॉक्टरबाई फोनवर होत्या.

“मॅडम, नऊ नंबरची माझी सही खोटी आहे.”

त्यांनी फोन खाली ठेवला.

“तो माझा जावई आहे. मला लाज वाटली, मी तोंड फिरवलं. नमुना मास्तरांचा आहे. दुसऱ्या पानावर बघा, साखरेची गोळी आहे. तो अजून घेतोय, पुडी त्याच्यापाशीच आहे.” एका दमात बोलून मामांनी फाईल टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी दुसरं पान काढून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे मी वाचायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. मग मामांकडे बघून, “पण मामा, तुम्ही? मी तर तुमच्यावर…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्या रागावल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

“लिहून द्यावं लागेल तुम्हाला सगळं.”

“देतो. आधी पुडी काढून घ्या त्याच्याकडची.”

डॉक्टरबाईंनी फोनवर सिस्टरना सांगितलं, नऊ नंबरला सोडायचं थांबवा, सामान तपासायचं आहे. पाच मिनिटंही झाली नसतील, तोच वॉर्डातून मास्तरांची हाक आली. “मामा! अहो धावा कोणीतरी!”

झडती होणार हे कळताच जावयाने उरलेली पुडी तोंडात रिकामी केली होती. तो बोळात उभा होता, शर्ट फाडून टाकलेला, डोळे छताला लागलेले. “बाजूला व्हा!” तो ओरडत होता. “दोर सुटलाय! माल खाली येतोय! बाजूला व्हा सगळे!” अंगावरून पाण्यासारखा घाम वाहत होता. मामांनी त्याचा दंड धरला आणि हात मागे घेतला, इतका तो तापलेला होता. दोघं धावून आले त्यांना त्याने एका झटक्यात भिंतीवर फेकलं, आणि मग तो स्वतःच आडवा झाला. हातपाय ताठ झाले, दातावर दात बसले.

“छातीवर बसू नका कोणी! कुशीवर घ्या!” डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसल्या. “बर्फ आणा, मिळेल तेवढा. ओल्या चादरी. सिस्टर, इंजेक्शन.”

“एकशे सहा ताप आहे,” सिस्टर म्हणाल्या. “काय घेतलंय त्याने?”

“कोणाला माहीत!”

“मग उतारा काय द्यायचा?”

“याला उतारा नाही. ताप उतरवायचा, आकडी थांबवायची, हृदय सांभाळायचं. एवढंच आपल्या हातात आहे. वरच्या अतिदक्षता विभागाला स्ट्रेचर पाठवायला सांगा.”

मामा चादरी भिजवून आणत होते. एक गुंडाळायची, ती गरम झाली की काढून दुसरी. आकडी सुटली तसा जावई पुन्हा पुटपुटायला लागला, माल खाली येतोय, माल खाली येतोय, आणि उठायला धडपडू लागला. तो जितका झगडेल तितका ताप वाढणार होता. मामा फरशीवर त्याच्या डोक्यापाशी बसले आणि कानाला तोंड लावून म्हणाले, “माल खाली ठेवलाय. ऐकलंस? अलगद ठेवलाय. खालचे सगळे बाजूला झालेत. ब्रेक लागलाय. आता तू हात सोड.” यार्डात काय बोलतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, सुचेल ते बोलत होते. “तू हात सोड. मी बघतोय खाली.” असं किती वेळ चाललं कोण जाणे. कधीतरी जावयाच्या मुठी उघडल्या.

स्ट्रेचर उचललं तेव्हा मामांनी मान वर केली. बोळाच्या काचेच्या दारापलीकडे लेक उभी होती. शर्टाचा हँगर अजून तिच्या हातात होता.

*

चार वाजता वरच्या विभागातले डॉक्टर बाहेर आले. ताप उतरलाय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही, असं म्हणाले आणि आत गेले. बाकावर लेक आणि मामा दोघंच उरले.

“आज तुम्ही बोललात, म्हणून त्यांनी ते गिळलं,” लेक म्हणाली. ती रडत नव्हती.

मामांनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या.

“आणि पाच दिवस गप्प का बसलात? तेव्हाच बघितलं असतंत तर?”

दोन्ही खरं होतं.

“तुम्ही घरी जा बाबा,” ती म्हणाली. “आई येऊ दे इथे.”

खाली डॉक्टरबाईंच्या खोलीत त्यांनी सगळं आपल्या हाताने लिहून दिलं. नातं लपवलं, तोंड फिरवलं, न बघता सही केली. चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि दुसरीकडे पाहिलं. मामांनी कपाटांच्या किल्ल्या आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. हात दाखवून अवलक्षण, असं बाहेर दोघं बोलत होते ते त्यांनी ऐकलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही.

जावई वाचला. नऊ दिवसांनी तो वरून पुन्हा केंद्रात आला आणि उपचार पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाले. लेक आईशी बोले आणि आई स्वयंपाकघरातून मोठ्याने बोलून मामांना बातम्या पुरवी. क्रेन दुसऱ्याला दिली. या खतावर हमखास अशी गोळी नाही, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, रोजची बैठक आणि रोजचं खरं बोलणं, हेच औषध, आणि ते महिनोन्‌महिने घ्यायचं. बैठकीत तो स्वतःहून उभा राहिला आणि मी सगळ्यांना फसवलं म्हणाला. एका सकाळी आई नुसती ओरडलीच, “अहो, काल सलग पाच तास झोपले म्हणे!” मामा न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून तिथे बराच वेळ बसले.

महिन्याने पहिल्यांदा भेटायची परवानगी मिळाली. रविवारी मामा केंद्राच्या दारातल्या रांगेत उभे राहिले. बावीस वर्षांत या बाजूने ते कधी आत शिरले नव्हते. त्यांच्या जागी नवा माणूस होता, चाळिशीतला, आधी कुठे पहारेकरी असावा. तो त्यांना ओळखत नव्हता.

“कोणाकडे?”

“नऊ नंबर. माझा जावई आहे.”

नव्या माणसाने पिशवी पाहिली, खिशांवरून हात फिरवला, कंबर चाचपली. “जा आजोबा.”

मामा हलले नाहीत. “बूट राहिले.”

“असू द्या हो. तुमचं काय बघायचं?”

“बघायचं. तळ वाकवून बघायचा, आत हात घालून बघायचं. चेहरा बघून कोणाला सोडायचं नाही.”

मागची रांग खोळंबली. कोणीतरी चुकचुकलं. मामा खाली वाकले, नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट काढून नव्या माणसाच्या हातात दिले. तो ओशाळून तळ वाकवून बघायला लागला. मामा मोज्यांवर फरशीवर उभे राहिले. मागे चपलांचा आवाज झाला, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. रांगेत दोन माणसं सोडून लेक उभी होती. महिनाभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

“बाबा, मोजा फाटलाय,” ती म्हणाली. दारातल्या सगळ्यांना ऐकू गेलं.